रडारच्या चित्रातला पाऊस आणि गडचिरोलीचे अंगण
नागपूरचे डॉप्लर रडार गडचिरोलीवर पाऊस दाखवत असताना तिथे थेंबही पडत नाही, म्हणजे यंत्र बिघडले असावे, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो मला घाईचा वाटतो. रडार पाऊस मोजत नाही, ते स्वतः सोडलेल्या रेडिओ लहरींचा थेंबांवर आदळून परत आलेला प्रतिध्वनी मोजते. पृथ्वीच्या वक्रतेमुळे, क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखलेली या लहरींची किरणशलाका (झोत) सुमारे 140 किलोमीटरवरील गडचिरोलीपर्यंत पोहोचते तेव्हा ती जमिनीपासून जवळपास अडीच किलोमीटर उंचीवर असते, आणि तिथे दिसलेले थेंब कोरड्या हवेतून खाली येताना वाटेतच विरून जाऊ शकतात. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या वळवाच्या ढगांचे पुष्कळदा नेमके हेच होते.

शिवाय या रडारच्या सुमारे 10 सेंटिमीटर तरंगलांबीला प्रतिध्वनीची तीव्रता थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. म्हणून 4 मिलिमीटरचा एकच थेंब 1 मिलिमीटरच्या 4096 थेंबांइतका उठून दिसतो, पाणी मात्र त्यात 64 थेंबांचेच असते! गारा असल्या, तर प्रतिध्वनीवरून काढलेला पावसाचा अंदाज आणखी फुगतो.