स्वमग्न मुलांचे दिव्यांग प्रमाणपत्र: 'घेऊ नका' या सल्ल्याला उत्तर

तळ्याकाठी:
'निशिगंध' यांनी गेल्या आठवड्यात या मंचावर नव्या पालकांना असा सल्ला दिला की, स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले तरी दिव्यांग प्रमाणपत्राच्या फंदात पडू नये. एकदा शिक्का बसला की शाळेत, नात्यागोत्यात आणि पुढे लग्नाच्या बाजारातही तो पुसला जात नाही, असे त्यांचे म्हणणे. त्याखाली 'अगदी मनातले बोललात' असे म्हणणाऱ्यांची रांग पाहिली आणि राहवले नाही.

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या १९९९ च्या कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्वतंत्र जागा मिळाली. त्यासाठी आपल्याआधीच्या पालकांनी सरकारदरबारी चपला झिजवल्या आहेत. न्यासाच्या निरामय आरोग्यविमा योजनेचे १ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण, ज्यात थेरपीचाही काही खर्च बसतो, किंवा आयकरातील दिव्यांग अवलंबितासाठीची वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी), यांपैकी काहीही त्या कागदावाचून मिळत नाही. आणि नातेवाइकांपासून नेमके काय लपवायचे आहे? वरातीचा बँड सुरू होताच कानांवर तळवे दाबून मांडवाबाहेर धावणारा मुलगा त्यांना दिसतच असतो.

निशिगंध:
आपण कलमे सांगितलीत, रांग सांगितली नाहीत. सरकारी रुग्णालयाच्या बोळात, फडफडणाऱ्या ट्यूबलाइटखाली, आम्ही सकाळपासून बसलो होतो. आमचा नंबर लागेपर्यंत मुलगा रडून, ओरडून इतका थकला होता की आत गेल्यावर पंख्याकडे पाहत निमूट बसून राहिला. "हा तर शांत आहे, याला काय झाले आहे?" असे मलाच विचारण्यात आले. स्वमग्नता किती आहे हे मोजणाऱ्या आयएसएए चाचणीचे ४० मुद्दे चहा निवेपर्यंत उरकले, गुण ७० पर्यंत पोहोचले नाहीत, म्हणजे लाभांसाठी लागणारे ४० टक्के दिव्यांगत्वही भरले नाही. लाभ शून्य, पण निदान मात्र शाळेच्या फाइलीत गेले, आणि पुढच्याच महिन्यात 'शॅडो टीचर', म्हणजे वर्गात मुलासोबत बसणारा मदतनीस, 'ठेवा, पगार तुम्ही द्या' असा निरोप आला. आता सांगा, शिक्का कोणाला बसला?

सातारी तर्री:
शॅडो टीचरचा विषय निघालाच आहे तर बोलतो. माझ्या मुलीच्या शॅडो टीचरचा पगार आमच्या घराच्या हप्त्याइतका होता. शाळा फी पूर्ण घेणार, 'सर्वसमावेशक' असे फलकावर रंगवणार आणि मुलीला शिकवण्याची जबाबदारी मात्र आमच्या खिशावर टाकणार. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे १ आणि पुढे १५ मागे १ विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. ते कुठे दिसते का? प्रमाणपत्राचे नंतर बघू, आधी या शाळांना जाब विचारा.

खडू-फळा:
मी अनुदानित शाळेत शिकवतो. माझ्या वर्गात बाके कमी आणि मुले जास्त आहेत. आमच्याकडे येणाऱ्या विशेष शिक्षिका फिरत्या आहेत. कित्येक शाळा त्यांच्या एकटीच्या गळ्यात मारल्या आहेत. एक मूल वर्गाबाहेर धावले, तर त्याच्या मागे जावे की उरलेल्यांना सांभाळावे, हे न्यायालयाने आम्हाला सांगितलेले नाही. उठसूट शिक्षकाला झोडपणे सोपे असते.

सातारी तर्री:
शिक्षकाला कोण झोडपते आहे? संस्थाचालकांबद्दल लिहिले तरी आपल्यालाच टोचते, यात माझा दोष नाही. आपल्या शाळेने विशेष शिक्षकाचे पद कधी लेखी मागितले होते का, एवढेच सांगा.

खडू-फळा:
मागितले नव्हते. मागून मिळाले असते, या आपल्या आशावादाला नमस्कार. जूनमध्ये मुख्याध्यापकांपुढे अर्ज ठेवतो. उत्तर आलेच तर येथे फ्रेम करून लावीन.

हेडफोनवाला:
मी स्वतः स्वमग्न आहे. निदान नोकरी लागल्यानंतर झाले, तोवर मी 'घुम्या' आणि 'शिष्ट' होतो. तेही शिक्केच होते, फक्त त्यांवर सरकारी सही नव्हती. येथे शाळेवर इतके लिहून झाले, पण शाळा संपल्यावर काय, हे कोणीच विचारले नाही. २०१६ च्या कायद्यातील ४ टक्के नोकरी-आरक्षणापैकी १ टक्का ज्या गटासाठी आहे, त्यात स्वमग्नता येते आणि त्यासाठी प्रमाणपत्र लागते. दुसरे म्हणजे, 'लग्नाच्या बाजारात' निदान लपवायचे ठरले, तर त्या लग्नातील दुसऱ्या माणसाची फसवणूक होते, आणि आयुष्यभर नाटक करायचे काम आमच्यासारख्याच्या वाट्याला येते. ते मी घरच्यांसाठी बरीच वर्षे केले आहे. फार थकवा येतो.

निशिगंध:
लग्नाचे वाक्य मी लिहायला नको होते, असे आपणा सर्वांना वाटत असेल तर वाटो. माझ्या सासरी ते रोज ऐकू येते. हेडफोनवाला, आपला राग मात्र मान्य.

तळ्याकाठी:
रांगेबद्दल आपले म्हणणे खरे आहे, आणि दमलेल्या मुलाची तपासणी ही तपासणीच नव्हे. पण त्यावर 'कोणीच प्रमाणपत्र घेऊ नका' हा उपाय कसा? २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ नुसार प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते. सोबत शाळेतील वागणुकीच्या लेखी नोंदी आणि थेरपिस्टचा अहवाल जोडा. घरचे व्हिडिओही न्या.

निशिगंध:
अपील करीन. आपल्या भाषणामुळे नव्हे. अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्कही त्याच ४० टक्क्यांवर अडला आहे, म्हणून. आता कलमे पुरेत. अर्जाचा भरलेला नमुना कोणाकडे असेल तर नाव-पत्ता झाकून येथे टाका.