‘बदल करा’ दाबल्यावर: तेच इनपुट खुलं करायचं की साध्या मजकुराच्या जागी इनपुट आणायचं?

फॉर्मकर्ती: वेबसाइटवर प्रोफाइलच्या पानावर माहिती आधी नुसती दिसते, ‘बदल करा’ दाबलं की फील्ड खुली होतात. माझं ठाम मत: इनपुट, म्हणजे टाइप करायची चौकट, तेच ठेवा, फक्त त्यावर रीडओन्ली (‘वाचा, पण बदलू नका’ ही खूण) लावा-काढा. डिसेबल्ड, म्हणजे पूर्ण बंद केलेलं फील्ड, नकोच. डिसेबल्ड फील्डची व्हॅल्यू फॉर्मबरोबर सर्व्हरला जात नाही. सर्व्हरवरचा कोड ‘ईमेल आला नाही, म्हणजे रिकामा’ असं धरून चालणारा असेल तर चांगला असलेला ईमेल पुसला जातो. टॅबनेही तिथे पोचता येत नाही. रीडओन्लीत व्हॅल्यू जाते, फोकस मिळतो (म्हणजे कर्सर तिथे नेता येतो), मजकूर कॉपी करता येतो.

साधामजकूर: डिसेबल्डबद्दल सहमत, बाकी अजिबात नाही. रीडओन्ली सगळीकडे चालतं कुठे? सिलेक्ट (यादीतून निवड), चेकबॉक्स, रेडिओ (अनेकांतून एक निवडायची बटणं) यांना ते लागूच होत नाही. म्हणजे नाव-पत्ता बंद आणि शेजारची राज्यांची यादी सताड उघडी! मग लोक सिलेक्ट डिसेबल करतात, जोडीला हिडन (न दिसणारं) इनपुट ठेवतात आणि दोन्हींच्या व्हॅल्यू जुळवत बसतात. शिवाय चौकट दिसली की माणूस टाइप करायला जाणारच. अक्षर उमटलं नाही की त्याला वाटतं, पान अडकलं. वाचायचं असेल तेव्हा मजकूर दाखवा, बदलायचं असेल तेव्हाच इनपुट आणा.

फॉर्मकर्ती: चौकट सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने, काढता येते. फोकसचं काय? ‘बदल करा’ हे बटणच पानावरून काढलं, तर स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) काम करणाऱ्याला आपण कुठे आहोत तेच कळत नाही.

साधामजकूर: पहिल्या इनपुटवर फोकस द्या, एका ओळीचं काम आहे.

सर्व्हरबाजू: दोघांनाही विनंती, याला सुरक्षा समजू नका. ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स (पानाचा कोड दाखवणारी साधनं) उघडून कोणीही रीडओन्ली काढू शकतो, आणि फॉर्म न उघडताही सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवता येते. कोणाला कुठलं फील्ड बदलता येईल, हे सर्व्हरवरच तपासायला हवं. आणखी एक: रीडओन्ली फील्डवर रिक्वायर्ड (‘भरलंच पाहिजे’ ही अट) चालत नाही. रिकामं असलं तरी ब्राउझर अडवत नाही.

फॉर्मकर्ती: सर्व्हरवरची तपासणी तर हवीच. पण ‘रद्द करा’चा विचार करा. तेच इनपुट असेल तर फॉर्म रीसेट केला की मूळ व्हॅल्यू परत येतात, वेगळी प्रत सांभाळावी लागत नाही.

साधामजकूर: पान रीलोड न करता सेव्ह केलं असेल तर? डिफॉल्ट व्हॅल्यू, म्हणजे रीसेट केल्यावर परत येणारी, जुनीच राहते. सेव्हनंतर ती स्वतः बदलली नाही, तर पुढच्या वेळी ‘रद्द करा’ दाबताच कालचा पत्ता परत दिसेल.