मदत हवी आहे: विंडोज ११ घेतल्यावर जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम निघत नाही

नमस्कार मंडळी. नारायण पेठेत माझं डीटीपीचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, प्रबंध, मंडळांचे अहवाल, अधूनमधून एखादं पुस्तक. सध्या एका वाचनालयाची १२८ पानांची स्मरणिका हातात आहे आणि छापखान्याची तारीख जवळ आलीय, म्हणून घाईने विचारतेय.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी मी टाळत होते. गेल्या बुधवारी शेवटी विंडोज ११ घातलं. मशीन आठव्या पिढीचं आय-फाइव्ह, रॅम ८ जीबी. अपडेट बिनबोभाट झालं. माशी शिंकली ती पुढे.

माझ्याकडे डोंगलवर (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) चालणारा, २००९ साली घेतलेला टायपिंगचा प्रोग्राम आहे. अपडेटनंतर त्याला डोंगल दिसतच नाही. 'डोंगल सापडला नाही' अशी चौकट येते, ओके केलं की जाते, आणि दोन ओळी टाइप होतात न होतात तोच परत हजर. त्यातून किबोर्ड अजून त्याच्याच ताब्यात. युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर सारखंच दिसणाऱ्या मराठीत) 'ज्ञानेश्वर' लिहायला गेले की 'ज्ञ'च्या जागी भलतंच रोमन अक्षर उमटतं. काल एकाच पानावर सहा ठिकाणी असं झालं होतं, प्रूफ वाचताना सापडलं म्हणून वाचले.

सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, तीन टिंबं, अनइन्स्टॉल, असं सगळं रीतसर केलं. पट्टी अर्ध्यावर थांबते आणि मूळ एमएसआय फाइल (प्रोग्राम ज्यातून इन्स्टॉल झाला ती) कुठे आहे ते विचारते. कंट्रोल पॅनलमधूनही तेच. सीडी जपून ठेवलीय, पण ती पहिल्या आवृत्तीची. २०१४ मध्ये नवी आवृत्ती डाउनलोड करून घेतली होती, ती फाइल आता नाही. सीडी दाखवली तर 'ही ती फाइल नव्हे' म्हणतो.

एक गोष्ट सांगायला हवी. अपडेटआधी सी ड्राइव्हवर जागा नव्हती, म्हणून तापकीर गल्लीतल्या ओळखीच्या एकाकडून मशीन साफ करून घेतलं. विंडोजच्या आतला 'इन्स्टॉलर' नावाचा लपवलेला फोल्डरही त्याने रिकामा केला, हे मला आज कळलं.

पण खरी काळजी फाइलींची आहे. जुन्या फॉन्टच्या फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. आत रोमन अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर 'क', 'ख'ची चित्रं चढवतो. प्रोग्रामबरोबर फॉन्ट गेले तर स्मरणिकेतले चाळीस जुने लेख नुसता कचरा दिसतील. त्यातले काही लेखक आज हयात नाहीत, हस्तलिखितंही कोणाकडे उरलेली नाहीत. त्या लेखांना धक्का लागलेला मला चालणार नाही.

फॉन्ट राखून प्रोग्राम कसा काढायचा? दहा दिवसांच्या आत विंडोज १० वर परत जाता येतं म्हणे. आज सातवा दिवस. जाऊ का परत?

प्रतिसाद १

ताई, परत जाऊन डोंगल कदाचित चालेल, पण प्रोग्राम काढायचा प्रश्न तसाच राहील. ती एमएसआय फाइल अपडेटने गेलेली नाही, त्याआधीच्या सफाईत गेलीय. प्रोग्राम काढताना विंडोज त्याच 'इन्स्टॉलर' फोल्डरमधली प्रत वापरतं. जागा हवी म्हणून त्या फोल्डरला कधीच हात लावू नये.

आधी फॉन्ट. सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स इथून त्या प्रोग्रामचे सगळे फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या. प्रोग्रामबरोबर गेलेच तर राइट क्लिक करून परत इन्स्टॉल करता येतात. शिवाय चाळीसही लेख आजच उघडून त्यांच्या पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो.

मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअप ॲप्समध्ये हा प्रोग्राम डिसेबल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. चौकट एवढ्यानेच थांबायला हवी. कंपनीकडे २०१४ चाच सेटअप मागून बघा, तो मिळाला तर उत्तमच. नाहीतर मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉलचा ट्रबलशूटर मोफत आहे, तो रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीतल्या, बिघडलेल्या नोंदी काढून टाकतो. प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर मात्र सरळ डिलीट करू नका, किबोर्डचे धागे आत तसेच अडकून राहतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. रात्री बसून एकेचाळीस फॉन्ट दोन पेनड्राइव्हवर घेतले, चाळीसही पीडीएफ केल्या, आणि मगच ट्रबलशूटर चालवला. यादीत प्रोग्रामचं नाव होतं, निघाला. फॉन्ट जागेवरच आहेत. चौकट गेली, 'ज्ञ' नीट उमटतोय. विंडोजमधलाच मराठीचा फोनेटिक किबोर्ड घेतलाय, हात बसायला दोन दिवस लागतील.

आता जुने लेख युनिकोडमध्ये आणायला घेतलेत. कन्व्हर्टरमधून काढले की पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि रफार एक अक्षर पुढे सरकतो. चाळीस लेख हाताने दुरुस्त करायची माझी तयारी आहे, पण हे कोणी आधी केलं असेल तर कशाने केलं, तेवढं सांगा.