मुलांच्या हातातला फोन : तुमच्या घरात काय घडलं?

धागाकर्ती, पुणे

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला मुलगी पाण्याची बाटली भरायला स्वयंपाकघरात आली आणि बाटली भरून झाली तरी ओट्याला टेकून तशीच उभी राहिली. अकरा वर्षांची आहे. म्हणाली, "आई, गेममधला एक दादा म्हणतोय फोटो पाठव, तुला कॉइन्स देतो." माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तुला कोणी सांगितलं होतं अनोळखी माणसांशी बोलायला?" ती गप्प झाली. बाकीचं सांगायला तिला दोन दिवस लागले. फोटो पाठवला नव्हता, पण शाळेचं नाव सांगून बसली होती. त्या गेममधलं चॅट सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं हे मला तेव्हा कळलं, कारण तोवर मी तो गेम एकदाही उघडून पाहिला नव्हता.

म्हणून हा धागा. काय उपयोगी पडलं, काय फसलं, जसं घडलं तसं लिहा. मुलांची आणि शाळांची नावं मात्र नकोत.

वाईचे आजोबा

नातू तीन वर्षांचा. मुलगा-सून नोकरीला, त्यामुळे दिवसभर तो आमच्याकडे. मोबाइल लावल्याशिवाय घास घ्यायचा नाही, आणि मोबाइल मीच लावून द्यायचो. लसीकरणाच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला किती वेळ?" मी म्हटलं, तीनेक तास होत असतील. त्या म्हणाल्या, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आणि दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी बसून. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही हेच सांगणं आहे म्हणे.

पहिले तीन दिवस फार वाईट गेले. ताट भिरकावलं, रडून रडून उलटी केली. हिचा जीव तुटत होता, चौथ्या दिवशी ती म्हणाली, "द्या हो एकदाचा." मी दिला नाही. ताटली घेऊन त्याला पायरीवर बसवलं. समोर शेजाऱ्यांची गाय बांधलेली असते. एक घास काऊचा, एक गाईचा असं करत निम्मा भात गेला. मोबाइल बघताना तोंडात काय जातंय हे त्याला कळतच नव्हतं. आता वरणात बोटं बुडवून चाटतो, भातातला जिऱ्याचा दाणा काढून मला दाखवतो.

कडेगाव तालुका, सांगली

आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला, तो तुम्ही बातम्यांत वाचला असेल. सात ते साडेआठ टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. आमच्या गावात भोंगा नाही. आम्ही गल्लीतल्या चार घरांनी ठरवून तीच वेळ धरली.

पोरं चार दिवसांत रुळली. अवघड गेलं ते मोठ्यांचं. सासूबाईंची मालिका नेमकी त्याच वेळेला, आणि यांना बाजारभाव बघायचे असतात. एका मोठ्या माणसाने फोन उचलला की सगळी पोरं वह्या मिटवतात, हे आम्ही रोज बघितलं. आता सगळ्यांचे फोन पिठाच्या डब्यावर ओळीने ठेवतो, यांचा सगळ्यात आधी.

झेडपी शिक्षिका

माझ्या वर्गातल्या बहुतेक घरांत फोन एकच, तोही वडिलांचा. तेव्हा 'मुलाला वेगळं खातं काढून द्या' हा सल्ला तिथे चालत नाही. सहावीतल्या एका मुलाने गेममध्ये वडिलांचे ४,२०० रुपये घालवले. यूपीआयचा पिन त्याला पाठ होता, कारण किराणा दुकानात पैसे तोच द्यायचा. वडिलांना वाचता येत नाही. मुलाला चोर ठरवायला सगळे टपलेले होते. मी वडिलांना शाळेत बोलावलं, मुलाला बाहेर खेळायला पाठवलं आणि दोन गोष्टी करून दिल्या: पिन बदलला, आणि प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं केलं. दहा मिनिटांचं काम होतं. पालकसभेत हे आता दर वर्षी प्रत्यक्ष फोन हातात घेऊन दाखवते.

नाशिकचा बाबा

माझं फसलेलं सांगतो. लेकीच्या फोनवर न सांगता लक्ष ठेवणारं ॲप टाकलं. महिन्याभरात तिला कळलं. तिने मैत्रिणीच्या फोनवर दुसरं अकाउंट उघडलं, म्हणजे जे थोडंफार दिसत होतं तेही बंद झालं. नंतर तिच्यासमोर बसून फॅमिली लिंक हे गूगलचं पालकांसाठीचं ॲप लावलं. रात्री दहाला फोन बंद होतो, ही वेळ तिनेच ठरवली आहे.

मेलबर्नकर

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर अकाउंट ठेवता येत नाही. दंड होतो तो कंपन्यांना, मुलांना किंवा आईबापांना नाही. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाचं अकाउंट गेलं. व्हॉट्सॲप आणि गेम चालूच आहेत. पण 'सगळ्यांकडे आहे, फक्त माझ्याकडे नाही' हे रोजचं भांडण संपलं, एवढं नक्की.

नाव नको

मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. मुलीच्या नावाच्या प्रोफाइलवरून ओळख झाली, व्हिडिओ कॉल झाला, तो रेकॉर्ड केला गेला आणि मग पैशांची मागणी. मित्राकडून उसने घेऊन त्याने दोन हजार दिले. लगेच पुढचे पाच मागितले.

आम्हाला दिसत होतं ते एवढंच की फोन पालथा ठेवतोय, थरथरला की दचकतोय, ताटावरून उठतोय. परीक्षेचं टेन्शन असेल असं मी धरून चालले. तिसऱ्या रात्री हे त्याच्या पलंगावर जाऊन नुसते बसले. अर्ध्या तासाने तो बोलला. हे म्हणाले, "तू गुन्हा केलेला नाहीस. आता पुढचं आमच्याकडे."

पुन्हा पैसे दिले नाहीत. काही डिलीट केलं नाही. प्रोफाइल, नंबर, पैसे गेलेला यूपीआय आयडी, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले, १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि मग ब्लॉक केलं. 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवाही वापरली. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या फोटो-व्हिडिओसाठी आहे. व्हिडिओ कुठेही पाठवावा लागत नाही, फोनमध्येच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो शोधून काढून टाकतात. जबाब घ्यायला अधिकारी बाई साध्या कपड्यांत घरी आल्या. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात मुलासाठी ही तरतूद आहे, आणि त्याची ओळख उघड करायलाही बंदी आहे. हे अकरा रात्री त्याच्या खोलीत खाली गादी टाकून झोपले.

धागाकर्ती, पुणे

ताई, लिहिलंत म्हणून खूप आभार. एक विचारू? नंतर त्याचा फोन काढून घेतलात का?

नाव नको

नाही. त्या रात्री तो बोलायच्या आधी त्याने पहिला प्रश्न हाच विचारला होता, "फोन काढून घेणार ना?" हे नाही म्हणाले. मग त्याने बाकीचं सांगितलं.