ओतोकूचा त्याग, की ओतोकूचा बळी?

विंगेतला : दिग्दर्शक केन्जी मिझोगुचीचा १९३९चा 'झांगिकु मोनोगातारी' हा जपानी चित्रपट काल दुसऱ्यांदा पाहिला आणि डोकंच फिरलं. मेइजी काळातलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं तोक्यो. काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकारातल्या घराण्याचा दत्तक वारस किकुनोसुके. तोंडावर सगळे वाहवा करतात, पाठ वळली की हसतात. त्याच्या तान्ह्या भावाची दाई ओतोकू तेवढी खरं सांगते : तुमचं काम अजून कच्चं आहे. तिची नोकरी जाते. तो घर सोडतो, ती ओसाकाला त्याच्यामागे जाते, हलाखी सोसते आणि त्याचं नाव व्हावं म्हणून स्वतःच बाजूला होते. बाई झिजली म्हणून नट घडला! याला अभिजात म्हणून किती दिवस टाळ्या वाजवायच्या?

पिठलंभाकरी : टाळ्या वाजवतंय कोण? शेवट आठवा. तो नावेत उभा राहून हात पसरून गर्दीला अभिवादन करतोय, इकडे खोलीत ती शेवटचे श्वास मोजतेय. याला गौरव म्हणता? मला तर थोबाडीत बसल्यासारखं झालं.

विंगेतला : थोबाडीत कोणाच्या? सासरा तिला सून म्हणून मान्य करतो, तेही ती मरणपंथाला लागल्यावर. आणि ती धन्य होते! ही धन्यता लिहिली कुणी?

तिसरीघंटा : जरा नाटकाकडेही बघा की. नागोयात तो सुमिझोमेचा स्त्रीपार्ट करतो, तेव्हा पहिल्यांदाच त्याच्या कामात जीव दिसतो. ओतोकू आत हात जोडून उभी. किकुनोसुके रंगवणारा नट शोतारो हानायागी मुळात शिन्पा या काबुकीनंतरच्या नव्या धाटणीच्या रंगभूमीवर बायकांच्या भूमिका करणारा, त्यामुळे तो प्रवेश खराच वाटतो. पण हा उजेड पडायला आधी फिरत्या कंपनीतली उपासमार लागली, आणि ती दोघांनी सोसली. 'बळी' म्हटलं की तिची अक्कल शून्यावर येते. त्याचा नटमित्र फुकुसुके याला गाठून नागोयातली ही संधी तिनेच मिळवून दिली.

विंगेतला : हे मान्य. पण संधीची किंमतही तिनेच मोजायची?

पिठलंभाकरी : अहो, तेच तर मिझोगुची दाखवतोय! रात्रीचा तो रस्ता बघा. ती बाळाला घेऊन चालतेय, कॅमेरा खालून, लांबून, न तोडता सोबत सरकतोय. रडका क्लोज-अप नाही. तिला देवी करायची असती तर तिथेच चेहऱ्यावर उजेड टाकला असता.

विंगेतला : उजेड नाही टाकला, खरंय. पण मारली ना शेवटी.