जनधन खात्यात विमा आणि पेन्शन आपोआप सुरू व्हावे का?

मूळ मत (तासगाव, जि. सांगली)

जनधन खाते उघडले तरी प्रधानमंत्री सुरक्षा विमा, जीवन ज्योती विमा आणि अटल पेन्शन या योजना खातेदाराने वेगळी संमती दिल्याशिवाय सुरू होत नाहीत. हा नियम उलटा करावा, म्हणजे योजना आपोआप लागू व्हाव्यात आणि नको असेल त्याने तसे कळवावे, असे माझे मत आहे. बचत गटाचे हिशेब लिहिताना मी पाहते की, वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो हे अनेक जणींना ठाऊक असते, पण मजुरीचा दिवस बुडवून बँकेत जायचे म्हणून तो फॉर्म पुढच्या खेपेवर जातो आणि ती खेप येतच नाही. ब्रिटनमध्ये २०१२पासून कामगारांना पेन्शन योजनेत आपोआप घेतले जाऊ लागले. महिनाभरात नकार दिल्यास कापलेली रक्कम परत मिळते, तरीही बहुसंख्य कामगार योजनेतच राहिले. टाळाटाळ हा माणसाचा स्वभावच असेल, तर तो गरिबाच्या बाजूने का वळवू नये?

प्रतिसाद १ (सातारा)

ताई, ब्रिटनचा दाखला येथे लागू पडत नाही. तेथे पैसे पगारातून कापले जातात आणि मालकालाही आपला वाटा भरावा लागतो. आपल्याकडे जनधन खात्यात रोजगार हमीची मजुरी येते, लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, आणि ते पैसे येण्याआधीच त्यांचे खर्च ठरलेले असतात.

माझ्या थोरल्या बहिणीच्या खात्यातून मे महिन्याच्या अखेरीस जीवन विम्याचे ४३६ रुपये कापले गेले. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते, म्हणून हप्ता नेमका बियाणे आणि शाळेच्या वह्या घेण्याच्या दिवसांत जातो. तिने शाखेत विचारले तेव्हा तिच्याच सहीचे संमतिपत्र पुढे करण्यात आले, कारण खाते उघडताना जेथे जेथे पेन्सिलीची फुली होती तेथे तेथे तिने सही केली होती. आपण मागता ती पद्धत कागदावर नसली तरी व्यवहारात अशी आधीच रुळलेली आहे आणि तिचा जाच मी पाहिला आहे. ज्याला बँकेत जाऊन फॉर्म भरणे जमत नाही, त्याला त्याच बँकेत जाऊन नकार देणे कसे जमेल?

प्रतिसाद २ (मिरज)

आपण दोघेही हो की नाही यावर अडला आहात; मला हप्त्याची चिंता अधिक वाटते. अटल पेन्शनचा हप्ता दरमहा, तिमाही किंवा सहामाही भरता येतो, पण फॉर्मवर बहुधा ‘दरमहा’ हीच खूण केली जाते. तिसाव्या वर्षी पाच हजारांच्या पेन्शनसाठी महिना ५७७ रुपये लागतात. द्राक्षाच्या हंगामात ते जमतात, श्रावणात जमत नाहीत, आणि खात्यात शिल्लक नसली की थकबाकीवर दंड चढतो. उसाच्या टोळीत किंवा द्राक्षबागेत राबणाऱ्यांसाठी न विचारता लागू होणारा पर्याय सहामाहीच असला पाहिजे. बहुतेक खातेदार हजार रुपयांच्या पेन्शनचा टप्पा घेतात, तोही हप्ता सर्वांत लहान म्हणूनच. आज विशीत असलेल्याला साठाव्या वर्षी त्या हजारात काय मिळेल, हे फॉर्म भरून घेणारा सांगत नाही.

मूळ लेखिकेचे उत्तर

दादा, आपल्या बहिणीचा अनुभव वाचून मी माझी मागणी आवरती घेते. पेन्शन आणि ४३६ रुपयांचा विमा विचारूनच सुरू व्हावा, आणि हप्त्यासाठी सहामाही पर्याय असावा, हे मला पटले. परंतु २० रुपयांच्या अपघात विम्यावर मी ठाम आहे. तेवढ्या रकमेने कोणाचे बियाणे अडत नाही, मात्र घरातला कर्ता अपघातात गेला तर दोन लाख फार मोठा आधार ठरतात.

प्रतिसाद १ (सातारा)

माझी हरकत त्या २० रुपयांना नाही, न सांगता सुरू होणाऱ्या विम्याला आहे. जनधनच्या रुपे कार्डावर असा एक अपघात विमा आधीपासूनच आहे, तोही विनामूल्य. २८ ऑगस्ट २०१८नंतर उघडलेल्या खात्यांना दोन लाखांचा. त्यासाठी कोणाची संमती घेतली जात नाही. अट इतकीच की, अपघातापूर्वीच्या ९० दिवसांत त्या कार्डावर एक तरी व्यवहार झालेला असावा. कार्ड पत्र्याच्या पेटीत पडून असेल तर ती अट पुरी होत नाही, आणि घरच्यांना विमा आहे हेच ठाऊक नसेल तर दावा करायला कोणी जात नाही. आपल्या गटातील किती जणींना या विम्याची माहिती आहे, एवढे पुढच्या बैठकीत विचारून येथे कळवाल का?