ओव्हरक्लॉकिंगसाठी १३६००के घेऊ की ७६००एक्स? आणि स्टेबल आहे हे नक्की कसं ओळखायचं

रेंडरवेडा:
नवीन पीसी बांधतोय, काम व्हिडिओ रेंडर आणि कोड कंपाइल, पण ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) नीट शिकायचंय हेही खरं कारण आहे. इंटेल आय५ १३६००के सेकंडहँड मिळतोय, नाहीतर एएमडीचा नवीन रायझन ५ ७६००एक्स. कशात जास्त दम आहे? आणि टेस्टिंगचं काही कळत नाही, कोणी म्हणतं सिनेबेंच (रेंडर करून वेग मोजणारा प्रोग्राम) दहा मिनिटं चालला की झालं, कोणी म्हणतं प्राइम९५ (प्रोसेसरवर जड गणिताचा ताण टाकणारा प्रोग्राम) रात्रभर लावा.

जुनाचिप:
आधी बोर्डचं बघा. इंटेलमध्ये के वाला प्रोसेसर घेतला तरी कोअरचा मल्टिप्लायर (म्हणजे वेग ठरवणारा गुणक) वाढवायला झेड६९० किंवा झेड७९० चिपसेटचा बोर्ड लागतो, बी७६० वर फक्त मेमरीशी खेळता येतं. एएमडीला बी६५० पुरतो.

आता दम म्हणाल तर इंटेलच्या २०११ च्या २५००के चे दिवस गेले, तेव्हा ३.३ गिगाहर्ट्झची चिप साध्या एअर कूलरवर ४.५ ला बिनतक्रार चालायची. आता कंपनीच सगळं पिळून देते. ७६००एक्स आधीच ५.३ पर्यंत बूस्ट करतो, तिथे हाताने ऑल-कोअर लॉक केलं तर सिंगल कोअरचा वेग उलट कमी होऊ शकतो, त्यामुळे पीबीओ (बूस्टच्या मर्यादा सैल करणारी एएमडीची सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (उणे आकडा देऊन प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) हाच खरा रस्ता. १३६००के मध्ये हात मारायला जास्त जागा आहे, पी-कोअर (वेगवान), ई-कोअर (कमी वीज खाणारे), रिंग (कोअरना जोडणारा मार्ग) सगळं वेगवेगळं, पी-कोअर ५.१ वरून ५.४-५.५ ला बरेच जण नेतात, पण कूलर तगडा हवा.

सेकंडहँडचं मात्र मला पटत नाही. १३व्या-१४व्या जनरेशनला जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब होण्याचा प्रॉब्लेम होता, २०२४ मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) काढला, पण तो पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं भरून काढत नाही. आधीच्या मालकाने जुन्या बायोसवर किती चालवलाय हे तुम्हाला कसं कळणार? घेतलाच तर आधी स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) टेस्ट करा, तिथेच एरर आली तर परत द्या.

कोअरनिहाय:
टेस्टिंगबद्दल मी लिहितो कारण इथेच लोक फसतात. सिनेबेंच पास म्हणजे फक्त सगळे कोअर लोडवर असताना टिकतायत एवढंच. कर्व्ह ऑप्टिमायझर उणे ३० ठेवला की फुल लोडला सगळं गुळगुळीत चालतं आणि मग नुसता ब्राउझर उघडला तर पीसी रीस्टार्ट, कारण हलक्या कामात एकच कोअर सगळ्यात वरच्या क्लॉकला जातो आणि तिथे व्होल्टेजला मार्जिनच उरत नाही. म्हणून कोअरसायकलर नावाचा प्रोग्राम लावा, तो एकेका कोअरवर प्राइम९५ फिरवतो, रात्रभर चालू द्या. एखाद्या कोअरला राउंडिंग एरर (म्हणजे गणित चुकलं) आली की फक्त त्याच कोअरचा उणे आकडा ३-५ ने मागे घ्या, सगळ्यांचा नको. आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या (WHEA, हार्डवेअर एररची नोंद) एंट्री बघत जा. १८ नंबरची दिसली तर आत एपिक आयडी (APIC, कोअरच्या थ्रेडचा नंबर) असतो, एका कोअरला दोन आयडी त्यामुळे दोनने भागलं की बहुतेक वेळा नेमका कोअर सापडतो.

हे सगळं होईपर्यंत एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी तयार प्रोफाइल) बंद ठेवा, नाहीतर एरर रॅमची की कोअरची हेच कळणार नाही. रॅम नंतर, टेस्टमेम५ या प्रोग्रामने वेगळी टेस्ट करा.

थंडडोकं:
कोअरसायकलर बरोबरच, पण रेंडर करणार असाल तर ऑल-कोअर टेस्टही सोडू नका, वाय-क्रंचर किंवा ओसीसीटी (दोन्ही ताण देणारे प्रोग्राम) तासभर तरी. प्राइम९५ ची स्मॉल एफएफटी ही सगळ्यात तापवणारी टेस्ट एव्हीएक्ससकट (प्रोसेसरच्या जड गणिताच्या सूचना) लावली की ७६००एक्स ९५ डिग्रीला जाऊन बसेल, घाबरू नका, त्याची लिमिटच ती आहे, तिथे पोचला की स्वतःच क्लॉक कमी करतो. गेम चालतो म्हणजे स्टेबल, असं मात्र मानू नका, कामाच्या मशीनवर चुकीचा हिशोब झाला आणि क्रॅश झाला नाही तर फाइल बिघडलेली कळतही नाही.

रेंडरवेडा:
मग ७६००एक्स आणि बी६५० घेतो. सगळ्या कोअरना उणे २० पासून सुरू करू का?

कोअरनिहाय:
सगळ्यांना सारखं नको. रायझन मास्टर (एएमडीचा ट्यूनिंग प्रोग्राम) जे दोन कोअर सगळ्यात चांगले म्हणून दाखवतं त्यांना उणे १०, बाकीच्यांना उणे २०. चांगले कोअर सगळ्यात जास्त बूस्ट करतात म्हणून त्यांनाच कमी उणे झेपतं. आणि आकडे जमले की बायोस स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, बायोस अपडेट केलं की सेव्ह केलेली प्रोफाइल बऱ्याचदा उडतात.